उभ्या गाडीची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

गाडी तीन आठवडे उभी होती. किल्ली फिरवली, टक-टक-टक आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मावळले. अशा वेळी भेटेल तो एकच सांगतो, ‘बॅटरी गेली, नवी टाका.’ या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे, कारण तो ऐकून मी एकाच गाडीत लागोपाठ दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या आणि दोन्ही पुन्हा उतरल्या. बॅटरी नुसती उतरली आहे, खरोखर निकामी झाली आहे, की उभ्या गाडीत कोणीतरी ती पीत बसलं आहे, हे आधी ठरवायचं. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मात्र तपासणी क्रमानेच करायची.

आधी टर्मिनल बघा. पांढरा-हिरवा खार चढला असेल तर साफ करा आणि केबलच्या टोकाचा क्लॅम्प हाताने हलतो का ते पाहा. हलत असेल तर घट्ट करून गाडी पुन्हा सुरू करून बघा; कधी कधी काम इथेच संपतं.

मग व्होल्टेज. गाडी निदान रात्रभर उभी हवी, कारण नुकत्याच चालवलेल्या किंवा चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला असतो. बॉनेटचा खटका आदल्या संध्याकाळीच ओढून ठेवा. सकाळी दार उघडलंत की गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी होतात आणि आकडा खाली येतो. मीटरच्या पिना क्लॅम्पवर न लावता बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर लावा. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. एजीएम बॅटरीचे (जिच्यातलं आम्ल काचतंतूंच्या चटयांत शोषलेलं असतं) आकडे यापेक्षा किंचित वर असतात.

आकडा कमी आला म्हणून बॅटरी खराब ठरत नाही. ती आधी चार्जरवर पूर्ण भरा. हवा खेळती ठेवा आणि जवळपास ठिणगी नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. ‘आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा’ हा सल्ला तर कायमचा विसरा. शिशाची बॅटरी शेवटचा हिस्सा फार सावकाश घेते. निम्मी उतरलेली बॅटरी भरायला तास लागतात, मिनिटं नाहीत. उलट ती अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची ताकद कायमची घटते.

भरल्यावर पुन्हा रात्रभर थांबा आणि ताणाची चाचणी घ्या. एकाने स्टार्टर मारायचा, दुसऱ्याने मीटर बघायचा. हवा फार थंड नसेल आणि तरीही आकडा ९.६ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर ती बॅटरी बदलायच्याच लायकीची. दिवसभर चार्ज करूनही ती १०.५ च्या आसपासच अडली, तर सहापैकी एक सेल गेला. दुकानातल्या टेस्टरवर तपासणार असाल तर तीही भरूनच न्या. रिकामी बॅटरी तिथे हमखास ‘खराब’ ठरते.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारं जनित्र, ठीक. काही नव्या गाड्यांत हा आकडा मुद्दाम खाली-वर होतो, तेव्हा एका नजरेत निकाल देऊ नका. आणि चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर तपासण्याचा जुना प्रकार कोणी सांगितला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. त्यात व्होल्टेज उसळून गाडीचा संगणक, म्हणजे कंट्रोल युनिट, जळू शकतं.

इथवर सगळं नीट निघालं आणि बॅटरी तरीही उतरत असेल, तर गळती शोधायची. माझे सगळ्यात जास्त दिवस यातच वाया गेले, म्हणून सविस्तर सांगतो.

किल्ली काढून घ्या, खिडकीची काच खाली ठेवा, नाहीतर मध्येच गाडी लॉक होऊन तुम्ही बाहेर राहाल. दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करा. बॉनेटच्या कुलपाचंही तसंच. गाडीला सगळं बंद आहे असं वाटलं पाहिजे. रिमोटची किल्ली गाडीपासून लांब ठेवा. मग निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. नेहमी तेच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर खुंटी व केबल यांच्या मध्ये जोडा. आता स्टार्टर मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. मीटरचा फ्यूज क्षणात जातो.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मीटरवर दोन अँपिअरच्या वर आकडा आला. गळती सापडली असं समजून मी दुपारभर एकेक फ्यूज उपटत बसलो. आकडा कधी खाली जायचा, कधी वर, आणि मला काही अर्थ लागेना. चूक अशी होती की मीटर जोडताच गाडी जागी झाली होती, आणि प्रत्येक फ्यूज परत बसवताना मी तिला पुन्हा जागं करत होतो. मीटर जोडून अर्धा ते एक तास गाडीला हात न लावता थांबायचं. मग जो आकडा स्थिरावतो तो खरा. २० ते ५० मिलिअँपिअर असेल तर चालतं.

जास्त असेल तर फ्यूज उपटू नका. पात्याच्या फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. मीटर काढून निगेटिव्ह केबल परत जोडा, गाडी पुन्हा झोपेपर्यंत थांबा, लाल वायर व्होल्टच्या भोकात घाला, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि पिना त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. शून्य आलं तर तिथून वीज वाहत नाही. आकडा आला तर त्या फ्यूजच्या सर्किटमध्ये काहीतरी जागं आहे. कोणतं सर्किट ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॅशकॅम, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर, अडकलेला रिले (विजेने चालणारा स्विच) ही नेहमीची कारणं. सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील तर अल्टरनेटरच्या डायोडवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) संशय घ्या.

माझ्या गाडीत आकडा ०.४३ अँपिअरवर थांबला. फ्यूज आतल्या दिव्यांचा निघाला, पण दिवे तर सगळे बंद दिसत होते. शेवटी मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. नंतर पाहिलं तर झाकण पूर्ण बसल्यावरही गालिच्यावर पिवळा उजेड तसाच. झाकणाने दाबली जाणारी प्लास्टिकची छोटी पिन अर्ध्यावर अडकली होती. ०.४३ अँपिअर म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत कोरडी. दोन नव्या बॅटऱ्या त्या पिनेने खाल्ल्या.

आता हाच हिशेब निर्दोष गाडीचा करा. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे १९ दिवसांत तीच बॅटरी निम्मी. कुठेही बिघाड नसताना महिन्याभराने गाडी सुरू न होणं यात नवल नाही. अशा गाडीला बॅटरी भरलेली ठेवणारा स्वयंचलित चार्जर कायम जोडून ठेवा. जवळ प्लग नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा; काही गाड्यांत घड्याळ, रेडिओ आणि काचांची सेटिंग पुन्हा करावी लागतात, एवढाच त्रास. तसं ठेवलं तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. म्हणून महिन्यातून एकदा व्होल्टेज मोजा आणि १२.४ च्या खाली गेलं की चार्जर लावा.