सिकलसेलमध्ये काढे, चूर्णं, पुड्या देताय? या चुका टाळा

पोराचं हिमोग्लोबिन 7 आलं की घरात पहिली धावपळ सुरू होते ती 'रक्त वाढवण्याची'. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि मग मेडिकलवर : "भाऊ, पोरले रंगत कमी शे, काही ताकदनं औषध द्या." शहादा-तळोद्याकडे हे रोजचं आहे. मागणारी माय चुकत नाही, पण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात रक्त कमी असण्याचं कारणच वेगळं असतं.

निरोगी लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. सिकलसेलची जेमतेम 10 ते 20 दिवस. प्राणवायू सोडला की आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि फुटते. फुटलेल्या पेशीतला माल रक्तवाहिनीच्या अस्तराला त्रास देतो, पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात, आतून सूज राहते. ठणका नसतो त्या दिवसांतही ही सूज थोडीफार चालूच असते. म्हणून 'सूज उतरवणारं काही नैसर्गिक आहे का' हा प्रश्न अगदी रास्त आहे. गडबड होते ती उत्तरं शोधताना.

न तपासता लोह देणं

पेशी फुटल्या तरी त्यातलं लोह शरीरातच राहतं. ज्याला वारंवार रक्त चढवलं जातं त्याच्या यकृतात, हृदयात ते साठत जातं. वरून टॉनिक पाजणं म्हणजे भरलेल्या कणगीत आणखी पोती रिचवणं. आपल्याकडे काही मुलांना सिकलसेलसोबत खरंच लोहाची कमतरताही असते, पण ते फेरीटिन, म्हणजे रक्तातून कळणारा लोहाचा साठा, तपासल्याशिवाय कळत नाही. लोह भस्म आणि मंडूर भस्म हेही लोहच. आयुर्वेदिक डबीत आहे म्हणून हिशेबातून सुटत नाही.

आश्रमशाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी वाटतात. मूल सिकलसेलग्रस्त आहे हे मुख्याध्यापकांना आणि अधीक्षकांना लेखी कळवा. हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार माहीत असेल तर ही गोळी सरसकट देऊ नये, असं सरकारी मार्गदर्शक सूचनांतच आहे. या मुलांना लागतं ते फॉलिक ॲसिड, कारण नव्या पेशी घाईघाईने बनवताना तेच जास्त खर्च होतं.

याचा अर्थ मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला बंद करा असा मात्र नाही. ताटातल्या लोहाने कोणी बुडत नाही.

पिवळे डोळे म्हणजे कावीळच, असं धरून चालणं

माझ्या मते सगळ्यात जास्त हाल या चुकीने होतात. लाल पेशी सतत फुटत असल्याने सिकलसेलच्या मुलाचे डोळे अधूनमधून पिवळसर दिसतातच. घरचे लगेच काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेतात. तिथे देवडांगरी या कडू रानफळाचं पाणी नाकात सोडतात. थोड्या वेळात नाकातून पिवळं पाणी धो-धो वाहतं आणि सगळ्यांना वाटतं, चला, कावीळ निघाली! ते पाणी म्हणजे नाकाच्या आतल्या त्वचेचा दाह. बिलीरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, असं नाकावाटे पडत नसतं. काहींना त्यातून रक्तही येतं. मग सुरू होतं पथ्य : तेल नाही, हळद नाही, डाळ नाही, नुसता उसाचा रस आणि फिकं जेवण. ज्या शरीराला रोज नवं रक्त घडवायचंय त्याची प्रथिनं आपण बंद करतो. पिवळेपणा नेहमीपेक्षा गडद झाला, उजव्या बरगडीखाली दुखलं, ताप आला, तर मात्र दवाखाना गाठा. या आजारात पित्ताशयात खडे होतात, आणि खरी कावीळही होऊ शकते.

वाताच्या पुड्या

आठवडे बाजारात, रस्त्याकडेच्या तंबूत कागदी पुडीत करडं-पिवळं चूर्ण मिळतं. वर ना नाव, ना घटक, ना कुठे बनवलं ते. दोन पुड्यांत ठणका गायब, भूक सपाटून लागते, गाल गुबगुबीत दिसू लागतात. एवढा झटपट गुण आला की मला आधी स्टिरॉइडचा संशय येतो. अशा बिननावाच्या चूर्णांत ते मिसळलेलं सापडतं. सिकलसेलमध्ये स्टिरॉइड थांबताच ठणका दुप्पट जोराने उलटू शकतो. आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा, जो आधीच अडखळत असतो, तो आणखी बिघडतो. मूल लंगडायला लागलं की 'लचक भरली' म्हणून चोळत बसू नका, एक्स-रे काढा. पुडी बरेच दिवस चालू असेल तर एकदम तोडू नका, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

मग खरं कशात दम आहे?

हळद स्वयंपाकातली खुशाल खा. हळदीतला करक्युमिन प्रयोगशाळेत सूज कमी करताना दिसतो, पण पोटातून रक्तात फार थोडा उतरतो. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालतात. तो अर्क इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतो, आणि अशा तीव्र कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबद्दलही 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताच्या तक्रारी मांडल्या. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, आधीच ताणाखाली असलेल्या यकृतावर महिनोन्‌महिने काढा ओतू नये एवढं मी नक्की म्हणेन.

ओमेगा-3 वर सुदानमध्ये चाचणी झाली, त्यात वेदनेचे झटके कमी झाले. पण ते माशाच्या तेलातलं होतं. जवसातलं ओमेगा-3 वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातलं फार थोडंच बदलून घेतं. जवसाची चटणी भाकरीबरोबर झकास लागते, औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका.

एल-ग्लुटामाइन या अमिनो आम्लाला मात्र अमेरिकेत 2017 मध्ये पाच वर्षांवरच्या सिकलसेल रुग्णांसाठी औषध म्हणून मान्यता मिळाली. मात्रा वजनानुसार, 5 ते 15 ग्रॅम, दिवसातून दोनदा. जिमच्या दुकानातला डबा आणून चमच्याने अंदाजे द्यायची ती गोष्ट नव्हे. मूत्रपिंड-यकृत ठीक आहे का, हे डॉक्टरने पाहिलेलं असावं.

यांतलं काहीही डॉक्टर सिकलसेलसाठी देतात त्या हायड्रॉक्सियुरिया या गोळीची जागा घेत नाही. ती गोळी बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात असतं त्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात, आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशीही खाली येतात. म्हणजे सुजेवरचं सगळ्यात भरवशाचं औषध तेच. नखं काळी पडली म्हणून लोक परस्पर बंद करतात. नखांनी काही बिघडत नाही. रक्ताची नियमित तपासणी मात्र चुकवू नका, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरशी बोला.

पाणी तोडणं

सिकलसेलमध्ये मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. म्हणून मोठी मुलंही अंथरूण ओलं करतात. घरचे संध्याकाळपासून पाणी बंद करतात, आणि पहाटे पाय ठणकायला लागतात. अंथरुणाखाली प्लॅस्टिक घाला, रात्री एकदा उठवा, पण पाणी तोडू नका. आपल्या 44-45 अंशांच्या उन्हाळ्यात तर नाहीच. पोट साफ करायचे जुलाब, निर्जळी उपवास, चैत्रात पायी सप्तशृंगगडाची वारी, मोहाची दारू, यांतलं प्रत्येक रक्त घट्ट करतं. सप्तशृंगी आईला गाडीनेही भेटता येतं.

सिकलसेल तपासणीच्या कार्डावर एएस लिहिलं असेल तर तुम्ही वाहक आहात, रुग्ण नाही. तुम्हाला कसलंच चूर्ण नको. लग्न ठरवताना समोरच्याची तपासणी करा, बस.

बिघडलंच तर

नवं काही सुरू केल्यावर लघवी कोलासारखी काळपट झाली तर ते लगेच थांबवून दवाखान्यात जा. आपल्या आदिवासी भागात जी-6-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरताही आढळते, त्यात काही औषधांनी पेशी झपाट्याने फुटतात. ताप 101 च्या वर, छातीत दुखणं, धाप, एकाएकी पांढरंफटक पडून डाव्या बरगडीखाली पोट फुगणं, एक हात-पाय लुळा पडणं : यात काढा उकळत बसायला वेळ नसतो. पाणथरी (प्लीहा) निकामी झाल्याने या मुलांत जंतुसंसर्ग काही तासांत पसरू शकतो.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांनी निघण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रातून परतीपर्यंत पुरतील एवढ्या फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मागून घ्याव्यात. एकदम मिळत नसतील तर मधे कोण आणून देणार हे आशाताईशी बोलून ठरवा. सिकलसेलचं कार्ड मुकादमाकडे नको, आईच्या पिशवीत असू द्या.