जुन्या लेन्समधलं धुकं असं घालवलं

नागपूरच्या सीताबर्डीतून ५० एमएमची जुनी मॅन्युअल (हाताने फोकस करायची) लेन्स घेतली. दुकानात काच स्वच्छ वाटली. संध्याकाळी फुटाळा तलावावर सूर्य समोर घेऊन फोटो काढले, तर सगळे दुधाळ. काळं कुठे काळं दिसेना. फार वाईट वाटलं.

घरी अंधारात मागून टॉर्च तिरपा धरला, तेव्हा आतल्या काचेवर एकसारखा पांढुरका थर दिसला. जाळ्यासारखे तंतू नव्हते, म्हणजे बुरशी नाही. फोकसच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस हळूहळू उडून काचेवर बसतं, त्यातलाच हा प्रकार.

मागची रिंग लेन्स स्पॅनरने, म्हणजे रिंगच्या खाचांत दोन टोकं अडकवून फिरवायच्या हत्याराने, सोडवली. कर्कटक वापरू नका, घसरलं की ओरखडा आलाच! काच काढण्याआधी तिची वरची बाजू कोणती, याचा फोटो काढून ठेवला. उलटी बसली तर फोकस बिघडतो. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन, मधून कडेकडे हलक्या हाताने पुसलं. काचेवर थेट ओतायचं नाही. कूलर बंद ठेवला होता. त्याच्या वाऱ्याने धूळ उडते. दोनदा पुसल्यावर थर गेला.

चिकटवलेल्या दोन काचांच्या मधोमध धुकं असेल, तर मात्र ते असं निघत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटाळ्यावर गेलो. काठावरची झाडं या वेळी गडद काळी आली.