पिक्सेल शिफ्ट वापरताय? आधी चक्की कुठे आहे ते बघा

पिक्सेल शिफ्ट म्हणजे सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) किंचित सरकवत एकाच दृश्याचे अनेक फोटो घ्यायचे आणि ते जोडून एक करायचा, असा कॅमेऱ्यातला मोड. त्यावरून महिन्यातून दोनतीनदा तरी हा मेसेज येतो. 'भाऊ, पिक्सेल शिफ्टनं काढला, पण साध्या फोटोपेक्षा खराब आला. कॅमेरा डिफेक्टिव्ह आहे का?' सोबत फोटो असतो आणि अक्षरांच्या कडांवर बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक चौकट. कॅमेरा धडधाकट असतो. कुठेतरी काहीतरी हललेलं असतं, एवढंच.

काय हलू नये हे कळायला कॅमेऱ्याच्या आत काय होतं ते माहीत हवं. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग पकडतो: निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांना विचारून अंदाजाने भरतो. पिक्सेल शिफ्टमध्ये सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार फोटो घेतले की प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंग खरे मिळतात. मेगापिक्सेल मात्र तेवढेच राहतात. ते वाढवायचे तर सरकणं अर्ध्या पिक्सेलचं लागतं. २०१५ च्या ऑलिंपस ई-एम५ मार्क २ ने १६ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर आठ फोटो जोडून ४० चा फोटो दिला. सोनी ए७आर ४ (२०१९) सोळा फोटो घेतो आणि ६१ चे २४० होतात. चार फोटोंचा मोड लावून 'मेगापिक्सेल वाढले नाहीत' म्हणून रडणारे मला दर वर्षी भेटतात. वाढणार नव्हतेच.

या सोनीचा अर्धा पिक्सेल म्हणजे १.९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. आता ऐका.

दारव्ह्याकडच्या एका गावात जुन्या वाड्यात मोडी वह्या टिपायला गेलो होतो. माडीवर सागवानी फळ्यांची जमीन, टेबलावर वही, फळ्यांवर ट्रायपॉड, दोन एलईडी दिवे. गावात लाईन सकाळी यायची आणि दुपारी जायची, म्हणून लाईन असताना धडाधड साठ पानं उरकली. रात्री लॅपटॉपवर जोडून पाहिली तर साठच्या साठ पानांवर चौकट. लेन्स बदलली, केबल बदलली, दुसऱ्या दिवशी परत तेच. कॅमेरा परत पाठवायचा असं ठरवूनच टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी घरातल्या आजीने टेबलावर पाण्याचा गडवा आणून ठेवला. पाण्यात दिव्याचं प्रतिबिंब थरथरत होतं. मी बघतच राहिलो. आजी म्हणाली, "काय पायतं रे? चक्की चालू हाये मांगं." वाड्याच्या मागच्या भिंतीला लागून पिठाची चक्की! लाईन आली की माझे दिवे लागत आणि लाईन आली की चक्कीही सुरू होई. म्हणजे मी दोन दिवस नेमक्या चक्कीच्याच वेळात फोटो काढत होतो. चक्कीवाल्याला सांगितलं तर तो हसून म्हणाला, "मंग लाईन गेल्यावर काढा ना, भाऊ."

तसंच केलं. बॅटरीवरचे दिवे आणले, सगळं बिऱ्हाड खाली ओसरीवरच्या दगडी फरशीवर हलवलं आणि लोडशेडिंगची वाट पाहत बसलो. गावात लाईन गेल्याचा आनंद झालेला बहुधा मी एकटाच. चौकट गेली.

हिशेब सोपा आहे. वहीचं पान फुल फ्रेम (३६ बाय २४ मिलिमीटरच्या) सेन्सरवर मावताना साधारण आठपट लहान होतं. म्हणजे ट्रायपॉड एकीकडे आणि टेबल दुसरीकडे असताना पान नुसतं १५ मायक्रॉन हललं, तरी अर्ध्या पिक्सेलचा घोळ झालाच. तेव्हापासून कॅमेऱ्याचा स्टँड आणि वही मी एकाच फरशीवर ठेवतो आणि शेजारी पाण्याची वाटी. प्रतिबिंब थरथरलं की हात खिशात. यासाठी ॲप असतात म्हणे, मला वाटी पुरते.

चौकट वाचायलाही शिका. सगळ्या फोटोभर असेल तर स्टँड किंवा जमीन हलली. एकाच जागी असेल तर ती वस्तू हलली. आडवे पट्टे दिसले किंवा उजेड कमीजास्त वाटला तर दिवे तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, आणि गावाकडे व्होल्टेजचे झोके वर. शटर १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवा, नाहीतर बॅटरीचा दिवा घ्या.

बटण दाबल्याचा धक्का शमायला दोन सेकंदांचा टायमर पुरत नाही, दहाचा लावा. तेवढाही धीर नसेल तर साधा फोटो काढा.

लेन्सवर स्थिरीकरणाचं (हात हलला तरी फोटो सावरणारं) बटण असेल तर ट्रायपॉडवर ते बंद.

लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं बारीक लावू नका (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). लग्नाचे फोटो काढून आलेल्या पोरांना 'छिद्र बारीक म्हणजे फोटो शार्प' हे पाठ असतं. एफ/८ लाच प्रकाशाचा ठिपका पसरून दहा मायक्रॉनच्या वर जातो, एफ/१६ ला वीसच्या वर. मग १.९ मायक्रॉन सरकून मिळवलं काय? मी एफ/५.६ च्या पलीकडे क्वचित जातो.

सोनीत सोळा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइली कॉम्प्युटरवर जोडाव्या लागतात. एक फाइल सुमारे १२० एमबीची, म्हणजे एका पानाचे जवळजवळ दोन जीबी. 'सगळे सारखेच दिसतात' म्हणून पंधरा डिलीट करणारा महाभाग मी पाहिलाय.

देवळाच्या शिखराचं कोरीवकाम टिपायला मे महिन्यात अकरा वाजता जाऊ नका. मी गेलो होतो. समोर नांगरून ठेवलेलं काळं वावर, पलीकडे हेमाडपंती देऊळ, हातात लांब लेन्स. ट्रायपॉड खडकावर होता, वारा नव्हता, तरी सोळा फोटोंत शिखर सोळा जागी. तापलेल्या मातीवरून उठणारी हवा प्रकाशाला वाकवत होती. यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. सकाळी साडेसहाला जा, नाहीतर थेट डिसेंबरात. आणि केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर ट्रायपॉडची परवानगी आधी काढा. पहारेकऱ्याशी हुज्जत घालून ती मिळत नाही.

लग्नाच्या हळदीत वापरता येईल का? नाही. कपाशीच्या पानांवर? वारा पडलेला असेल तर. एका कृषी पदवीच्या पोराने गुलाबी बोंडअळी पिक्सेल शिफ्टवर काढून पाठवली होती. बोंड सुरेख आलं होतं, धागा न् धागा दिसत होता. अळीच्या जागी मात्र गुलाबी रांगोळी.

"अळी जिवंत होती का रे?"

"हो सर. पण ते लय हळू चालते."