खाडीपलीकडे मॅच खेळायला जाताय? आधी या चुका टाळा

भातकापणी उरकली की आमच्या किनारपट्टीवर टेनिस बॉलच्या लीग सुरू होतात त्या पार आंबे संपेपर्यंत चालतात. आणि दरवर्षी तेच. घरच्या मळ्यात वाघ असलेली टीम खाडी ओलांडून गेली की पस्तीस-चाळीसात गुंडाळते, मग येताना गाडीत अंपायरला शिव्या, पीचला शिव्या आणि ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत चर्चा. मी हल्ली खेळत नाही, टीमबरोबर जाऊन स्कोअर लिहितो, त्यामुळे कोण काय माती खातं ते बसल्या जागेवरून दिसतं. अंपायर वाईट असतो कधीकधी, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा मॅच टॉसच्या आधीच गेलेली असते.

भरती न बघता निघणं

यावर जरा सविस्तर बोलणार आहे, कारण "क्रिकेटचा आणि भरतीचा काय संबंध" असं विचारणारी पोरं समुद्रापासून दोन शेतं सोडून राहतात.

मॅच पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवर असेल तर ग्राउंड दर तासाला बदलतं. ओहोटी लागून पाणी मागे गेलं की ओली वाळू कडक राहते, बॉल मस्त उसळतो, फिल्डरला पळता येतं. पाणी चढत आलं की खेळायची जागा वर वर सरकते, वरची वाळू भुसभुशीत, तिथे बॉल पडला की बसतो. बाउंड्री लहान होते ती वेगळीच. आणि हे कळायला ॲप लागत नाही. आमच्याकडचा म्हाताऱ्यांचा हिशोब आहे, पंधरवड्यातली तिथी घ्या, तीननं गुणा, चारनं भागा, पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण असतं म्हणजे पाणी नेहमीपेक्षा बरंच वर येतं. थोडं पुढेमागे होतं पण मॅचपुरतं पुरतं. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, ओहोटीचा तळ मिळाला. भिंतीवर कॅलेंडर आहे, बघायला पैसे पडत नाहीत.

आता आमच्या टीमची गोष्ट ऐका. लीगची साखळी मॅच, गुहागरच्या बाजूला एका गावात, पुळणीवर. गावाचं नाव सांगत नाही, लोक चांगली होती, चहा पण दिला. तिथी चतुर्थी, म्हणजे नऊला ओहोटीचा तळ, तीनला पूर्ण भरती. आमची मॅच अकराची. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं वाशिष्ठी ओलांडायची, पलीकडून पुढे गाडी. साडेआठला निघायचं ठरलं होतं. साडेआठला ओपनर दाढी करत होता, एकजण म्हणे बॅट मित्राकडे आहे आणि मित्र फोन उचलत नाही, टेम्पोवाला डिझेल भरायला गेला तो गेलाच. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट खाडीच्या मध्यात. रस्त्यानं जायचं तर खेड-चिपळूणवरून वळसा, तो विचारच सोडा. पुढच्या बोटीनं गेलो, पावणेबारा वाजले. आयोजक भले म्हणून वॉकओव्हर दिला नाही, पण वॉर्मअप नाही, कॅचेस नाहीत, घाम पुसत कॅप्टन टॉसला गेला आणि हरला.

समोरच्यांनी डोळे मिटून बॅटिंग घेतली. आमची पोरं खूश! "चेस करू, चेस आपल्याला जमतो." कुणी मान वळवून समुद्राकडे बघितलं पण नाही.

त्यांनी आठ ओव्हरमध्ये ६४ केले. कडक वाळूवर, आरामात. बॉलिंग एकाच टोकानं होती, राइटी बॅट्समनच्या लेगला समुद्र, ऑफला सुरूचं बन. त्यांचे बॅट्समन जवळपास सगळं ऑफला मारत होते, मला स्कोअर लिहिताना वाटलं यांना लेगला मारता येत नाही की काय. मग आमची बॅटिंग आली तेव्हा कळलं. दुपारचा खारा वारा जोरात सुटला होता, समुद्रावरून आत. सकाळी मतलई वारा जमिनीवरून जातो, दुपारी खारा उलटा येतो, हे शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी पाठ केलंय आणि पेपरात लिहून विसरलेत. टेनिस बॉलला वजन ते किती, त्यात वाऱ्याच्या तोंडावर उचलून मारला की तो पतंगासारखा वर अडकतो आणि खाली येतो तो फिल्डरच्या हातात. आमच्या पहिल्या चार जणांनी लेगला उचलून मारलं आणि चौघेही तिथेच कॅच. तीच जागा, तोच फिल्डर. त्या पोराला हलावंसुद्धा लागलं नाही.

माझी सवय म्हणाल तर मी पोचल्यावर आधी चपला काढून पीचवर चालतो. टाच रुतली तर बॉल बसणार, नाही रुतली तर उसळणार. मग मूठभर सुकी वाळू वर उडवतो, वारा कुठला ते कळतं. मग टपरीवर चहा घेतो आणि टपरीवाल्याला विचारतो, काल पहिली बॅटिंग घेतलेले किती जिंकले. त्याच्याइतकी खरी माहिती लीगचा अध्यक्षसुद्धा देत नाही. हे सगळं करायला तासभर आधी पोचावं लागतं, म्हणजे फेरीच्या एक बोट आधी धक्क्यावर उभं राहावं लागतं. आमच्यात आता नियम असा की जो वेळेवर नाही तो पुढच्या बोटीनं स्वतःच्या खर्चानं येतो, मग तो ओपनर असो नाहीतर कॅप्टनचा भाऊ.

ग्राउंडचे नियम टॉसनंतर विचारणं

त्याच मॅचमधली दुसरी गंमत. पाणी चढत चढत बाउंड्रीच्या झेंड्यांच्या आत आलं. आमच्या पाचव्या बॅट्समननं एक सणसणीत जमिनीलगत मारला, बॉल थेट पाण्यात. आम्ही बाहेर चौका म्हणून शिट्ट्या मारतोय आणि अंपायर दोन बोटं दाखवतोय. त्यांचा नियम, पाण्यात गेला की डेड बॉल आणि दोन रन, आणि तो सकाळी माइकवर सांगितला होता. सकाळी आम्ही कुठे होतो? टेम्पोत. कॅप्टन भांडायला गेला, दहा मिनिटं वाया, तोपर्यंत पाणी आणखी वर.

बाहेरगावी गेलात की टॉसच्या आधी अंपायर आणि समोरचा कॅप्टन दोघांना समोर उभं करून विचारायचं. झाडाला लागला तर किती. घराच्या कौलावर गेला तर आऊट की सिक्स. वाइड कुठून कुठपर्यंत, लेगचा वेगळा का. बॉल पाण्यात पडून भिजला तर नवीन मिळणार का, कारण भिजलेला बॉल जड होतो आणि घसरून येतो. कॅच आऊट झाल्यावर स्ट्राइकला कोण, हे पण विचारा. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीनं १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम बदलला, क्रॉस झाले असले तरी नवीनच बॅट्समन स्ट्राइकला येतो (ओव्हर संपली असेल तर गोष्ट वेगळी), पण आमच्या निम्म्या ग्राउंडवर अजून जुनंच चालतं आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्यासारखे ओरडतात. मी हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतो. पोरं हसतात. हसू दे.

हरतोय म्हटल्यावर बॅट फिरवत सुटणं

हा शॉर्टकट मला सगळ्यात जास्त डोक्यात जातो. चार आऊट झाले, मॅच हातातून गेली, मग काय, "मरायचंच आहे तर मारून मरू." आम्ही पाच ओव्हरमध्ये ३६ ला ऑलआऊट. आता साखळीत रनरेट असतो हे कुणाच्या डोक्यात नाही. ऑलआऊट झालात की तुमच्या रनना खेळलेल्या पाच ओव्हरनं नाही, पूर्ण आठ ओव्हरनं भागतात. म्हणजे ओव्हरमागे आमचे साडेचार, त्यांचे आठ, एका मॅचमध्ये वजा साडेतीन. तेच आठ ओव्हर उभं राहून एक-दोन काढत ५२ केले असते तरी मॅच हरलोच असतो, पण वजा दीडवर. पुढच्या दोन्ही मॅच जिंकून पॉइंट बरोबरीत आले आणि आम्ही रनरेटवर बाहेर. पहिल्यांदाच लीग खेळणारा एक पोरगा मला विचारतो, "काका, जिंकलो तरी बाहेर कसे?" बाळा, वही बघ.

नवीन पोरांचा दोष पूर्ण नाही म्हणा. २०२४ च्या मार्चमध्ये ठाण्याला टेनिस बॉलची मोठी लीग आयएसपीएल झाली, टेनिस बॉल टीव्हीवर आला, चांगलंच झालं. पण तेव्हापासून प्रत्येकाला पहिल्या बॉलला सिक्स पाहिजे. रोज शंभर कॅच घ्यायला सांगा, दुसऱ्या दिवशी नेटवर कुणी नसतं. सचिनचे गुरू आचरेकर सर मूळचे आपल्या मालवणचे, ते स्टंपवर नाणं ठेवायचे आणि शेवटपर्यंत आऊट न होणाऱ्याला द्यायचे. इथे नाणं ठेवलं तर पोरं विचारतील जीपे करता का.

बाकीच्या, पटापट

मुंबईहून चाकरमानी बॅट्समन बोलावणं. तो रात्रभर ट्रेनमध्ये उभा राहून येतो, सकाळी डोळे लाल, आणि गावात सहा महिने प्रॅक्टिस करणारा पोरगा बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरतो. माझा विरोध आहे, राहील. शिवाय एक गाव एक संघ असेल तर आधार कार्डावरचा पत्ता बघतात, त्यात अडकलात की मॅचच जाते. ओरिजनल कार्ड न्या, मोबाइलमधला फोटो प्रत्येक ठिकाणी चालत नाही.

मॅचच्या आधी सुरमईचं ताट. नको. सकाळी पेज आणि लोणचं खाऊन निघा, बरोबर मीठ-साखरेचं पाणी किंवा कोकम सरबत ठेवा, किनाऱ्यावरच्या दमट हवेत दुपारी पोटऱ्या आखडतात तेव्हा आठवण येईल.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर मॅच असेल तर जांभ्या दगडावर डाइव्ह मारू नका. गुडघ्याची साल निघते आणि त्यात लाल माती जाते. रबरी सोलचे बूट घाला, बॉल अपेक्षेपेक्षा जास्त उसळतो म्हणून कीपर दोन पावलं मागे.

वाऱ्यानं बेल्स सारख्या पडत असतील तर अंपायरला सांगा, बेल्सशिवाय खेळायची सोय नियमातच आहे. भांडू नका.

माइकवाल्याकडे लक्ष देऊ नका. तो त्यांच्याच गावचा आहे, तुमची टिंगल करणं हे त्याचं काम आहे आणि तो ते चांगलं करतो.

पुढचा बॅट्समन वडापावच्या गाडीवर नको, दोरीजवळ बसलेला पाहिजे. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये दिल्लीला अँजेलो मॅथ्यूज टाइम्ड आऊट झाला, तिथे दोन मिनिटांची मुदत होती. आमच्या आयोजकांना अंधाराच्या आत तीन मॅच उरकायच्या असतात, ते तेवढी पण देत नाहीत.

आणि मॅच संपली की स्कोअरशीटवर दोन्ही कॅप्टनच्या सह्या घेऊन तिथेच फोटो काढा, रन, ओव्हर, एक्स्ट्रा सगळं दिसेल असा. सेल्फी नंतर. आठवड्यानं पॉइंट टेबल लागतं तेव्हा तुमचे ५२ चे ४२ झालेले असतात आणि फोटो कुणाकडेच नसतो.