परदेशी नर्सिंगची पहिली नोकरी: आधी एजंट तपासा

एजन्सीचं ऑफिस चकाचक आहे, भिंतीवर विमानतळावरचे फोटो आहेत, यावरून काहीही ठरवू नका. आधी लायसन्स नंबर मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो स्वतः तपासा. नाव, पत्ता आणि लायसन्स आज चालू आहे का, तिन्ही जुळायला हवं. ‘आमचं मुख्य ऑफिस दिल्लीला, इथे फक्त शाखा’ असं सांगणारे बरेच भेटतात. मग त्या शाखेची नोंद दाखवा म्हणावं.

खरी परीक्षा पैशांची. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. तेही पावती देऊन. कुणी लाखांत आकडा सांगितला, किंवा ‘रोख द्या, पावतीचं नंतर बघू’ म्हणालं, तर चहासुद्धा न पिता उठावं. ब्रिटनला जायचं असेल तर हेही नको: तिथल्या आचारसंहितेनुसार नोकरी मिळवून देण्यासाठी नर्सकडून एक पैसाही घेता येत नाही. ‘एनएचएस एम्प्लॉयर्स’ ही तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या (एनएचएस) नोकरी देणाऱ्यांची संस्था. तिच्या एथिकल रिक्रूटर्सच्या, म्हणजे ही आचारसंहिता पाळणाऱ्या एजन्सींच्या, यादीत एजन्सीचं नाव शोधा.

करारात पगाराइतकंच बारकाईने आणखी एक कलम वाचा: मुदतीआधी नोकरी सोडली तर किती रक्कम परत द्यायची, आणि ती दर महिन्याला कमी होत जाते का. हे कलम बहुतेकजणी विमानात बसल्यावर वाचतात.

मूळ पासपोर्ट आणि नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र मात्र एजंटच्या कपाटात ठेवायला देऊ नका.