पावसाळ्याआधी कुंड्यांचे तळ तपासा: ठाण्यातल्या गच्चीवरच्या बागेची वर्षभराची तयारी

पाचपाखाडीतल्या आमच्या घराला लागून असलेल्या लहान गच्चीवर 2025 च्या पावसाळ्यात नऊ वर्षांचा कढीपत्ता, दोन मोगरे आणि एक अनंत मी गमावले. ते माझ्या अर्धवट तयारीमुळे गेले, हे मला आजही लागून राहिले आहे. म्हणून ही यादी. ती मे महिन्यापासून सुरू करते, कारण ठाण्यातल्या पावसात कुंडीतले झाड तगणार की जाणार हे मे महिन्यातल्या कामांवरच ठरते.

मुंबई-ठाण्याकडे मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो, या हिशेबाने मी सगळी कामे जूनच्या पहिल्या आठवड्यावर ठेवली होती. त्या वर्षी तो 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला. म्हणून 15 मे ही अखेरची तारीख धरावी. माती, शेणखत आणि निंबोळी पेंड आणून ठेवावी, हे कोणाला सांगायला नको. मी विसरले होते ते कुंड्यांच्या तळाची भोके तपासायला. वरून माती भुसभुशीत आणि झाड हिरवेगार असले, तरी दोन-तीन वर्षांत मुळांचे जाळे आणि खाली बसलेला गाळ मिळून ती भोके पक्की बुजवून टाकतात. उन्हाळ्यात आपण बेताचे पाणी घालत असल्यामुळे ते कळत नाही. जुलैच्या संततधारेत मात्र कुंडीची बादली होते. मातीतल्या पोकळ्यांमधली हवा पाण्याने हाकलली जाते, मुळांना श्वास घेता येत नाही आणि ती कुजू लागतात. पाने पिवळी पडून माना टाकतात, तेव्हा झाड तहानलेले वाटते. पावसाची उघडीप होती म्हणून मी त्या कढीपत्त्याला वरून आणखी पाणी घातले. तसे कोणीही करू नये.

तपासणी सोपी आहे. कुंडीत दोन तांबे पाणी ओतावे. मिनिटा-दोन मिनिटांत ते खालून वाहू लागले नाही, तर कुंडी आडवी करून तळाच्या प्रत्येक भोकातून जाड तार किंवा पेचकस आत घालून वाट मोकळी करावी. प्लास्टिकच्या नव्या कुंड्यांना पुष्कळदा भोकांच्या नुसत्या खुणा असतात, आरपार भोके नसतात. ती तापवलेल्या सळईने पाडून घ्यावीत. तळाला खडीचा थर दिला की निचरा होतो, हा समज चुकीचा आहे. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते वरच्या मातीतच धरून राहते आणि मुळांना मिळणारी जागा मात्र कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवणे पुरेसे आहे. भोके मोकळी झाली तरी कुंडी लादीवर सपाट बसली असेल, तर ती बंद असल्यासारखीच आहेत, म्हणून प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी. कुंडीखालच्या ताटल्या पावसाळाभर काढून टाकाव्यात. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात.

भर पावसात कामे थोडी असतात, पण चुकवू नयेत. तुळस आणि अडेनियम वळचणीला घ्यावे. मोठ्या मात्रेने खत देऊ नये, ते वाहूनच जाते. उघडीप मिळाली की मूठभर गांडूळखत पुरते. गोगलगायी अंधार पडल्यावर बाहेर येतात, तेव्हा बॅटरी घेऊन त्या वेचाव्यात. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर बी जुलैअखेर पेरावे. आणि दर पंधरवड्याला भोके पुन्हा पाहावीत, कारण धुऊन खाली आलेली माती ती पुन्हा बुजवते. मे महिन्यात एकदा पाहिले म्हणजे झाले, असे समजू नये.

ऑक्टोबरात पाऊस परतला की माती वरून दगडासारखी घट्ट होते. ती खुरप्याने हलवून त्यात खत मिसळावे आणि गुलाबाची छाटणी करावी. याच सुमारास उन्हाकडेही लक्ष द्यावे. ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत तेव्हा थेट ऊन जवळजवळ येत नाही. हिवाळ्यात तेच ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत पोचते. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो यांची जागा ठरवताना हे ध्यानात घ्यावे. भर उन्हाळ्यात पाहिलेल्या उन्हाच्या आधारे हिवाळी भाजीची जागा ठरवल्यास ती हमखास चुकते.

हिवाळ्याचे फार सांगण्यासारखे नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण कालवून संध्याकाळी फवारावे. जानेवारीत मोगऱ्याचे पाणी तोडून छाटणी करावी, मग खत-पाणी सुरू करावे. फेब्रुवारीत कुंडी बदलायची झाली, तर नव्या कुंडीची भोके माती भरण्याआधी पाहावीत. भरल्यानंतर कोणी पाहत नाही, मीही पाहिली नव्हती.

मार्च-एप्रिलमध्ये सकाळी लवकर पाणी, मातीवर पाचोळ्याचे आच्छादन आणि वर हिरवी जाळी. ती जाळी 15 मेच्या आत उतरवावी, आणि त्याच दिवशी एकूण एक कुंडी आडवी करून तिचा तळ पाहावा.