चिनी पात्राला वेणी लावताना या चुका टाळा

नाटकात चिनी पात्र म्हटलं की मागे वेणी अडकवायची, ही खोड आधी सोडा. ही वेणी मांचूंची, म्हणजे ईशान्येकडून येऊन चीन जिंकणाऱ्यांची. त्यांनी 1644 मध्ये बीजिंग घेतलं आणि 1645 मध्ये हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाच्या, पुरुषांना हुकूम सोडला: दहा दिवसांत डोक्याचा पुढचा भाग भादरा, मागे वेणी ठेवा, नाहीतर मुंडकं जाईल. त्याआधी हान पुरुष केस वाढवून डोक्यावर बुचडा बांधत. केस हे आईवडिलांचं देणं, त्यांना कात्री लावायची नाही, ही कन्फ्यूशियसची परंपरा. म्हणून तर ज्यांगयिन शहर 81 दिवस झुंजलं आणि शेवटी कापलं गेलं.

एका एकांकिकेत दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारात ह्युएन त्संग आला, तो कमरेपर्यंत वेणी सोडून! सातव्या शतकातला माणूस. वेणीचा हुकूम निघायला अजून हजार वर्षं होती. त्यात तो बौद्ध भिक्षू, म्हणजे पूर्ण मुंडण. मांचूंनीसुद्धा भिक्षूंना वेणी ठेवायला लावली नाही. मी विंगेत वेणी काढायला सांगितली, तर दिग्दर्शक म्हणाला, "मग तो चिनी आहे हे कळणार कसं?" वेणी तशीच रंगमंचावर गेली. तेव्हापासून मी संहिता हातात आली की आधी साल विचारते. 1645 च्या आधीचं असेल तर गंगावन पेटीतून काढतच नाही.

दुसरी चूक घाईची. नटाच्या दाट केसांना मागून गंगावन टाचलं की झालं, असं नवशिक्यांना वाटतं. अहो, हुकमाचा सगळा जोर भादरलेल्या कपाळावर होता! पुढे मांचूंविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांनी पुढचे केस वाढवले, तेच त्यांचं बंड. म्हणून टकलाची टोपी आधी. तिच्या कडा कपाळाच्या रंगात पुरत्या मिसळल्या की मगच मागचे केस आणि तिपेडी वेणी. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

सतराव्या शतकातली वेणी उंदराच्या शेपटीएवढी बारीक. जाडजूड वेणी नंतरची.

हुकूम पुरुषांपुरता होता, स्त्रीपात्रांना कपाळ भादरून आणू नका.

1912 मध्ये प्रजासत्ताक आल्यावर वेण्या कापायचा आदेश निघाला, पण सगळ्यांच्या एका दिवसात गेल्या नाहीत. 1917 मध्ये मांचू बादशहाशी निष्ठा राखणाऱ्या चांग श्युन या सेनापतीचं सैन्य वेण्यांसकट बीजिंगमध्ये शिरलं होतं.

वेणी ओढून हशा मिळवायचा प्रवेश असेल, तर ते काम मी घेत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात चिनी कैद्यांच्या वेण्या कापत. हो आ काउ नावाचा त्यातलाच एक कैदी त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि 1879 मध्ये जिंकला.